साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा साडू

अख्ख्या जालना जिल्ह्यात साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची हकिकत काल घडल्यासारखी सांगणारा एकच माणूस होता, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझा साडू निघाला. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, घनसावंगीकडे शाळामास्तर. मी थोरला जावई, टेंभुर्णीत बी-बियाण्याचं दुकान, बुडाखाली मोटारसायकल. तरी हसनाबादला सासुरवाडीत आम्ही एकदम पोचलो की सासरे माझ्या हातातल्या सफरचंदाच्या पिशवीला कोपरा दाखवायचे आणि त्याला खाटेवर जवळ बसवून म्हणायचे, "हां, मंग पुढं काय झालं त्या जनावरांचं?" त्या घरात पहिला मान माझा असायला हवा होता. पण मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मला जन्मात कधी 'पुढं काय झालं' असं विचारलं नाही.

साडूला जेवणाच्या ताटातही भूगोल दिसायचा. भाकरीचा तुकडा मोडून तो ताटाच्या खालच्या कडेला ठेवायचा. हा आपला देश, तेव्हा बेट होता, चारी बाजूंनी समुद्र. मग बोटानं तो तुकडा हळूहळू वर सरकवायचा आणि मामा हातातला घास हातातच धरून बघत राहायचे. "हिमालय तव्हा नव्हताच मामा, बिलकुल न्हाई." "मंग लोक बद्रीनाथाला कसे जायचे?" "लोकच नव्हते." "हां, म्हंजी बांधावरची भांडणं बी न्हवती," म्हणून मामा खुशीत मांडीवर थाप मारायचे. सासूबाईंनी कोंबडी केली की हा पठ्ठ्या आधी ताटाला हात जोडायचा. "ही डायनोसोरच्याच कुळातली, मोठ्या घराण्यातली," असं म्हणायचा. सासूबाईंना त्याचं इतकं कौतुक, की तंगडी त्याच्या ताटात पडायची आणि मानेचा तुकडा माझ्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एकदा मामांच्या विहिरीचं काम चाललं होतं. काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा लागला. साडू काठावर पालथा पडून म्हणाला, "मामा, खालचा दगड म्हंजी लाव्हा. तो आला, थंड झाला. मंग लई काळ शांतता. त्याच्यावर माती झाली, झाडं आली, जनावरं फिरली. मंग वरचा लाव्हा आला." मामांनी वाकून तो तांबडा पट्टा पुन्हा न्याहाळला. मग म्हणाले, "सगळं जळून गेल्यावर बी झाडं आल्ती?" "आल्ती मामा." त्या रात्री मामा एक भाकरी जास्त जेवले. मी त्या विहिरीसाठी दोनदा जालन्याला खेटे घातले होते, त्याचं नावसुद्धा कुणी काढलं नाही.

शेवटी मीही इरेला पेटलो. ओढ्यात एक गरगरीत गोल दगड सापडला, तो टॉवेलात गुंडाळून मोटारसायकलवर हसनाबादला नेला आणि भरल्या ओसरीत सांगितलं, "अंडं आहे. डायनोसोरचं." मामा चक्क उठून माझ्याकडे सरकले! साडूनं दगड हातात घेतला, फिरवला, त्याचे कांद्यासारखे सुटणारे पापुद्रे बघितले. आता माझं नाक कापलं जाणार, असं मला वाटलं. पण तो म्हणाला, "असं बघितल्याबरोबर सांगता येत न्हाई. पण उचलायला नजर लागते, ती साडूभाऊंकडं हाय." हात धुताना मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "दगडच ना?" "दगडच. पण मामा किती खुश होऊन राह्यले, बघा की." त्या दिवशी मी जितका जळलो तितका कधीच जळलो नव्हतो. हुशारीचा हेवा करून माणूस मोकळा होतो, चांगुलपणाचा हेवा करायचा म्हणजे स्वतःचीच लाज वाटते.

मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यानंतर साडूनं तो विषयच टाकला. परवा आम्ही दोघंच ओसरीत बसलो होतो आणि ती शांतता मलाच सोसवेना. म्हटलं, "साडूभाऊ, सांगा ना काहीतरी. ते बेट पुढं कुठं गेलं?" तो आधी माझी मस्करी समजला. मग हळूहळू रंगला, डोळे मिटून समुद्रातून उत्तरेकडे निघाला आणि ऐन भरात म्हणाला, "तर मंग मामा..."

तो थांबला. डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिला.

माझ्या पोटात पुन्हा तेच जुनं दुखलं. मी खाटेवर थोडा सरकलो, त्याला जागा करून दिली आणि म्हणालो, "हां, मंग पुढं काय झालं?"