शेवग्यावरचे दोन पक्षी

१९६३ साली मोताळ्याच्या शाळेला परदेशी पुस्तकांचं एक खोकं भेट आलं आणि हिंमतराव मास्तरांची झोप उडाली. एका पुस्तकात दूरच्या उष्ण जंगलांतले दोन गुंजनपक्षी, इंग्रजीत हमिंगबर्ड, समोरासमोर छापले होते. एकाची चोच विळ्यासारखी वाकडी, दुसऱ्याची सुईसारखी सरळ. खाली तुलनेचा तक्ता: चोच, गळा, शेपटी, पाय. छापील तक्त्यावर मास्तरांचा जेवढा विश्वास होता तेवढा हेडमास्तरांवर नव्हता, आणि हेडमास्तर त्यांचे सख्खे मेहुणे होते.

मास्तर शिकवत चित्रकला. गाव त्यांना 'ड्रॉइंगमास्तर' म्हणे, तेही केळी रंगवणारा माणूस अशा सुरात. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात असाच तक्ता मांडायचा आणि एकदा तरी शास्त्राचा मास्तर म्हणवून घ्यायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

गुंजनपक्षी आपल्याकडे नसतो, हे त्याच पुस्तकात लिहिलं होतं. मास्तर वैतागले, पण हटले नाहीत. शेजारच्या सोजराबाईंच्या भाजीच्या मळ्यात शेवगा होता, त्यावर तसेच फुलांतला मध चोखणारे फुलचुखी पक्षी येत. होळीच्या सुमारास दिसे तो काळानिळा, चकचकीत. दिवाळीला दिसे तो पिवळट, गळ्यावर काळी रेघ. म्हणजे दोन जाती झाल्या.

दोन वर्षं मास्तर त्या शेवग्याखाली पाट टाकून बसले. येणारा-जाणारा विचारी, "गुरुजी, काही हरपलं का?" सोजराबाई म्हणत, "जरा सरका बाप्पा, वांग्याले पानी सोडून राह्यले मी." मास्तर पाटासकट सरकत आणि मनातल्या मनात चडफडत.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी, मळा बाईंचा म्हणून, त्यांनी रंगवलेला तक्ता बाईंना दाखवला. बाईंनी पदराला हात पुसले.

"दोन काऊन काढले?"

"दोन जाती आहेत, बाई."

"एकच हाये थो. पावसाया सरला का पिवया होते, थंडी सरली का काया."

"पुस्तकात तसं नाही."

"पुस्तकात माह्या शेवगा हाये का?"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. "आणि तोच तो, हे कशावरून म्हणता?"

"पायावरून. त्याचा पाय सुतळीत गुतला होता. मीच सोडवला, पन मांगचं बोट गेलं."

मास्तरांनी तक्त्यात 'पाय' शोधलं. दोन्ही रकान्यांत त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'डाव्या पायास मागचे बोट नसते.' त्यावरून दोन्ही जाती एकमेकींच्या जवळच्या असाव्यात, असा निष्कर्ष काढून त्यांनी तो तांबड्या शाईनं अधोरेखित केला होता.

संध्याकाळी त्यांनी ब्लेडनं मथळा खरवडला, निष्कर्ष खरवडला आणि वर लिहिलं: 'एकच पक्षी, दोन मोसमांत'. दोन वर्षांत खरं असं एवढंच हाती लागलं होतं.

बुलढाण्याला परीक्षकांनी तक्ता वाचला, परत वाचला.

"तुलना म्हणता, मग पक्षी दोन नकोत?"

"पक्षी एकच आहे, साहेब."

"मग यात शास्त्र कुठं आलं?" साहेब चित्रांकडे वळले. "रंग मात्र सुरेख भरलेत."

तक्ता उचलून चित्रकलेच्या दालनात टांगला गेला.

परतल्यावर सोजराबाईंनी कुंपणावरून विचारलं, "कोनता नंबर आला, गुरुजी?"

"दुसरा. चित्रकलेत."

"एका पाखराले दुसरा, मंजे बराच हाये," बाई म्हणाल्या आणि वांग्यांना पाणी सोडायचं म्हणून पाट सरकवायला सांगितलं. मास्तर कुंपणाबाहेर उभेच होते. रिकामा पाट दोन वर्षांच्या सवयीनं शेवग्याखाली पडला होता.