जोतीरामचं हॉल तिकीट

जोतीरामला कागदाची भारी हौस. वाचायची नव्हे, जपायची. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात तो बावीस वर्षं पाठीवर गोणी वाहतोय, आणि खिशातला कागद घामानं दोन दिवसांत लगदा होतो हे त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणून हातात कुठलाही कागद पडला की तो थेट माझ्या दुकानात येतो. घणसोली गावात गल्लीच्या तोंडाशी माझं झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. आधार, रेशनकार्ड, लाइट बिल, एवढंच काय, पोरीला चौथीत मिळालेलं रांगोळीचं प्रशस्तिपत्रकसुद्धा त्यानं लॅमिनेट करून नेलंय. "शेठ, जरा प्लॅस्टिक मारून द्या," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

आम्ही दोघं पाटण तालुक्यातले, एकाच वर्षी इकडे आलेलो. मी दुकान टाकलं, वर घर बांधलं, गाडी घेतली. तो अजून गल्लीतल्या घरमालकीण दुर्गाबाईंच्या एका खोलीत भाड्यानं राहतो. म्हणजे हेवा त्यानं माझा करायला हवा होता. त्यानं तो कधी केला नाही. पोटात दुखायचं ते माझ्याच, आणि त्याचं कारण त्याची पोरगी, उत्कर्षा.

माझा शौनक आणि ती एका वयाची. दोघांनाही डॉक्टर व्हायचंय. शौनकला मी वाशीच्या नावाजलेल्या क्लासला घातलं, टॅब दिला, वरच्या खोलीत एसी बसवला. दोनदा नीटची परीक्षा दिली, दोनदा हात हलवत परत आला. उत्कर्षा पहिल्यांदाच बसणार होती. शौनकच्या जुन्या नोट्स मागून घ्यायची आणि माझ्याच दुकानात त्यांच्या झेरॉक्स काढायची. लपवत नाही, मी मुद्दाम टोनर संपत आलेल्या मशीनवर काढून द्यायचो. तिनं कधी कुरकुर केली नाही. पुसट अक्षरं ती पेनानं गिरवून घ्यायची, आणि त्यातच तिचा अभ्यास व्हायचा.

मार्चमध्ये त्या क्लासनं सर्वांसाठी मोफत सराव परीक्षा ठेवली. यादी लागली, त्यात उत्कर्षा तिसरी. शौनकचं नाव शोधायला मला चष्मा लावावा लागला. त्या संध्याकाळी दुर्गाबाई दुकानात आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "शेठ, तुमचे पोराला पन तिचे बाजूला बसवा. एसीन काय डोका येत नाय." लोक हसले. मीही तोंडदेखलं हसलो, पण आठवडाभर जेवण गोड लागलं नाही.

परीक्षा मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी होती. दोघांचेही फॉर्म मीच भरले होते. जोतीरामकडे बटणांचा फोन, त्यामुळे ईमेल माझा आणि पासवर्डही माझाच. हॉल तिकिटं मीच काढली. दोघांचं केंद्र एकच निघालं, नेरुळची एक शाळा. शौनकचं तिकीट त्याच्या हातात देताना मी दोनदा बजावलं की याला लॅमिनेशन करायचं नसतं, परीक्षेच्या हॉलमध्ये सरांच्या समोर त्यावर सही करावी लागते.

शुक्रवारी दुपारी जोतीराम आला. मार्केटातून थेट, अंगावर कांद्याचा वास. पोरीचं हॉल तिकीट वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून आणलं होतं, वर फोटो चिकटवलेले. "शेठ, प्लॅस्टिक मारून द्या. पोरीच्या हाताला घाम लई येतो."

मशीन तापायला पाच मिनिटं लागतात. एक वाक्य बोलायला तेवढा वेळ रग्गड होता. मी तिकिटाकडे बघत होतो. उत्कर्षाचा फोटो, दोन वेण्या, आणि खाली सहीसाठी कोरी चौकट. मला यादीतला तिसरा नंबर आठवला, दुर्गाबाई आठवल्या. मी तिन्ही पानं एकामागून एक मशीनमध्ये सारली. छान कडक होऊन बाहेर आली. जोतीरामनं ती उजेडात धरून बघितली आणि म्हणाला, "आता कशाची भीती न्हाई."

जाताना त्यानं विचारलं, रविवारी तुमच्या गाडीतून येऊ का. मी म्हटलं, जागा नाही. गाडीत आम्ही बापलेक दोघंच जाणार होतो.

शनिवारी सांगेन, असं मी मनाला म्हणत राहिलो. शनिवार गेला.

रविवारी साडेबाराला आम्ही नेरुळला पोचलो. ऊन मी म्हणत होतं. फाटक दीडला बंद होणार. शौनक रांगेत होता, त्याच्या पुढे चार मुलं सोडून उत्कर्षा. तिचा नंबर आला, तपासणीच्या मॅडमनी तिकीट हातात घेतलं, नखानं वाजवून बघितलं आणि म्हणाल्या, "यावर सही कुठे करणार? साधं प्रिंट आणा. असं चालणार नाही."

एक वाजून पाच मिनिटं झाली होती. जोतीराम रांगेबाहेरून धावत आला, तिकीट उलटंसुलटं केलं, कोपरा दातांनी सोलायला गेला तर कागदच फाटू लागला. मग त्याला मी दिसलो. "शेठ, फाईल तुमच्या मोबाइलमंदी आसंल न्हवं?"

"बघतो," मी म्हटलं.

फाईल सगळ्यात वर होती. मी अंगठ्यानं खाली सरकवत राहिलो. लग्नाच्या पत्रिका, कुणाचे दाखले, कुणाची भाडेपत्रं. रेंज नाही म्हणालो. फोन आकाशाकडे धरला. जोतीराम जवळच्या लोकांना सांगत होता, "चूक माझीच. मीच मागं लागलो प्लॅस्टिकसाठी. शेठचा काय दोष." मला तेही बोचलं. त्याच्या जागी मी असतो तर असं बोललो असतो का? नसतो.

एवढ्यात शौनक रांगेतून बाहेर यायला लागला. उत्कर्षानं त्याला हातानं थांबवलं. ती रडत नव्हती, पण ओठ पांढरे पडले होते. म्हणाली, "तू जा आत. तुझा टाइम नको घालवू. बायो आधी सोडव, मग केमिस्ट्री. फिजिक्समध्ये अडकून बसू नको, मागच्या वेळी तेच झालं तुझं." शौनकनं मान हलवली. दोघं एकमेकांचा अभ्यास घेत होती, आणि हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. फाईल सापडली, असं मी म्हटलं. समोरच्या गल्लीत एक झेरॉक्सवाला परीक्षेचं गिऱ्हाईक धरून बसला होता. मी आणि जोतीराम पळालो. पानं निघाली, पालकांच्या सहीच्या जागी जोतीरामनं सही केली, उत्कर्षाकडचे जादा फोटो तिनं फाटकाशी उभ्याउभ्या चिकटवले. ती आत गेली तेव्हा दीडला दोन मिनिटं कमी होती.

पुढे साडेतीन तास आम्हा बापांना काहीच काम नव्हतं. शाळेच्या भिंतीच्या सावलीत बसलो. जोतीरामनं फडकं सोडलं, भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे केली. मी ती हातातच धरून बसलो. शेवटी मी बोललो.

"जोतीराम, मला माहीत होतं. त्याला लॅमिनेशन करायचं नसतं हे मला शुक्रवारीच माहीत होतं."

तो चावत राहिला. मग पाणी प्याला.

"मला बी ठावं हाय," तो म्हणाला. "शौनकच्या हातात साधा कागद बघितला, तवाच कळलं."

"मग 'शेठचा काय दोष' असं सगळ्यांना का सांगत होतास?"

"फाईल तुमच्याकडं हुती, शेठ."

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यानं उरलेली भाकरी फडक्यात बांधली, उठला आणि रस्ता ओलांडून पलीकडे उन्हात जाऊन बसला. इतकी वर्षं मी त्याला भोळा समजत आलो होतो.

त्या दिवसापासून माझ्या मनातला हेवा गेला, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पाच वाजता फाटक उघडलं. शौनक माझ्याकडे न बघता गाडीकडे गेला. उत्कर्षा रस्ता ओलांडून बापाकडे धावली, आणि जोतीरामनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी गाडीची किल्ली हातात धरून ते बघत उभा होतो, आणि माझ्या पोटात पुन्हा तसंच दुखलं.