अम्मीच्या तारखेतला एक दिवस

वणीत घरी बसून मी सॉफ्टवेअर तपासते. म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोड काढते आणि त्याचा पगार घेते. अम्मी म्हणायची, हा गुण तुझ्यात जन्मापासूनच आहे. सध्या काम जुन्या तारखांचं आहे. हिजरी सनातली तारीख दिली की इंग्रजी कोणती येते, ते पार मागच्या शतकात जाऊन पाहायचं. दिवसभर घरात कुणी बोलायला नाही. रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जातात, टेबलावर काळी धूळ बसते, ती मी पुसते. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला झालेली नाही.

सगळ्या तारखा बरोबर यायला लागल्या, तेव्हा कंटाळून अम्मी गेली ती तारीख टाकली. रजब महिन्याची सात. उत्तर आलं ते आदल्या दिवसाचं.

मी चिडले, पण चूक सॉफ्टवेअरची नव्हती. ते गणितानं चालतं. आमच्याकडे महिना चांद दिसल्यावर लागतो. त्या वर्षी अवकाळी आभाळ होतं, चांद दिसलाच नाही, महिना एक दिवस उशिरा लागला. अशा वेळी अम्मी पेन घ्यायची आणि भिंतीवरच्या उर्दू कॅलेंडरवर छापलेल्या तारखा एकेक घर पुढे सरकवायची. तेव्हाही तिनंच सरकवल्या.

धाकटा भाऊ आखातात नोकरीला. तो मोबाइलमधल्या कॅलेंडरवर चालतो. त्यामुळे अम्मीच्या नावानं गोड करून दुआ मागायची, ती फातेहा त्याच्याकडे दरवर्षी माझ्या आदल्या दिवशीच उरकते. अब्बा कधीच गेले. आता आम्ही दोघंच उरलोय. निदान अम्मीला तरी दोघांनी एकाच संध्याकाळी आठवावं, एवढंच मला हवं होतं. दरवर्षी सांगायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

या वेळी हातात पुरावाच आला. दुपारी त्याला फोन लावला आणि गणित, चांद, आभाळ, सगळं ऐकवलं. तुझा मोबाइल सांगतो त्या दिवशी अम्मी जिवंत होती, असंही सुनावलं. आम्हा भावंडांचं बोलणं वऱ्हाडीतच चालतं, उर्दू पाहुण्यांसाठी.

"मले मालूम हाय, आपा," तो म्हणाला. "त्या दिवशी तिचा फोन आल्ता. मी म्हटलं, कामावर हाय, उद्या बोलतो."

इतकी वर्षं त्यानं हे पोटात ठेवलं आणि मी त्याच्या मोबाइलच्या नावानं बोटं मोडत राहिले. फोन ठेवला आणि रडले. मग त्या तारखेपुढं 'बरोबर' असा शेरा मारून पुढची तारीख घेतली.

यंदाही माझी फातेहा वणीच्या चांदानंच झाली. खीर-पुरी केली, खायला मी एकटी. पण आदल्या दिवशी मी भावाला फोन केला. तो कामावर होता. तरी त्यानं पहिल्या रिंगलाच उचलला.