पिशवीतली वायर

वायर कोणी बघितलीच नव्हती. आज इतके दिवस झाले तरी त्याचा मला राग आहे.

मी चौथी शिकलेली बाई. राहते लालबागला, आणि गिरगावातल्या एका गल्लीत रिपेरिंगच्या दुकानात डागकाम करते. डागकाम म्हणजे सोल्डरिंग. मिल बंद पडली तेव्हा आमचे हे घरी बसले, पोरं लहान, चूल तर पेटायला पाहिजे. चाळीतली एक बाई ट्रान्झिस्टर जोडायच्या कामावर जायची, तिच्यामागून मी गेले. कोणी शिकवलं नाही. दुसरीचा हात बघायचा आणि तसा आपला हात चालवायचा. बोटं भाजली, धुराने डोळे चुरचुरले. रडून काय होणार होतं. ट्रान्झिस्टर गेले, टेपरेकॉर्डर आले, ते गेले, मोबाइल आले. आता दुकानात नकाशा दाखवायची मशीनं येतात, जीपीएसची. टॅक्सीवाल्यांची, बोटवाल्यांची. आता डाग द्यायला भिंग लागतं, पण हात अजून हलत नाही.

तर एक पोरगी तसलंच मशीन घेऊन आली. हातात मावेल एवढं. ती ग्लायडर चालवते, म्हणजे बिनइंजिनाचं विमान. घाटावर कुठे मैदान आहे, तिथे दोराने खेचून वर सोडतात आणि मग घारीसारखं गरम हवेवर गोल गोल फिरत वर चढायचं. इंजिनच नाही, म्हणजे मैदान किती लांब आणि आपण तिथवर पोचतो की नाही हे ते मशीन बघून ठरवायचं. आणि हे मशीन वर गेलं की बंद पडायचं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा तिचा अंदाज चुकला आणि ती ज्वारीच्या शेतात उतरली. लागलं नाही. पण तिचे शिकवणारे सर बोलले, मशीन बंद पडत नाही, तूच बटण दाबलं असशील, लक्ष नव्हतं तुझं. विमान कुठून कसं गेलं ते मशीनमध्ये उमटतं, तेही मध्येच तुटलेलं, म्हणजे तिच्याकडे पुरावा काही नाही. सर बोलले, मशीनमध्ये बिघाड आहे असं लिहून आण, नाहीतर एकटीने लांब जायचं विसर.

आमच्या दुकानात एक डिप्लोमा झालेला आहे, त्याला सगळे साहेब बोलतात. त्याने मशीन घेतलं, आमच्या सप्लायला आमची वायर लावली, खिडकीत ठेवलं. मशीनने उपग्रह पकडले, नकाशा दाखवला, दिवसभर चाललं. त्याने कागदावर लिहून टाकलं, मशीन बरोबर आहे, वापरणाऱ्याची चूक. ती पोरगी स्वतःची वायर घेऊन आली होती, विमानातल्या बॅटरीला लावते ती. ती तशीच प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ पण सोडली नव्हती.

पोरगी कागद न्यायला आली तेव्हा मी माझ्या टेबलावर होते. तिने वाचलं, परत वाचलं. बोलली, मी बटण नाही दाबलं. साहेब हसला. बोलला, मॅडम, हातमोजा लागला असेल, होतं असं लेडीजचं. तिने कागदाची घडी घातली.

तिची ती घडी बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्या ह्यांचं बोट साच्यात गेलं होतं, कापड विणायच्या यंत्रात. ब्रेक धरत नाही म्हणून आठ दिवस ओरडत होते जॉबरकडे, म्हणजे खात्याच्या मुकादमाकडे. बोट गेल्यावर मिलने कागद केला, कामगाराचं लक्ष नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुपचूप ब्रेक बदलला. ह्यांनी पण तो कागद असाच घडी करून खिशात घातला होता.

मी उठले. पोरीला बोलले, "तू त्या विमानात बसतेस कशी? दाखव बघू."

ती बोलली, बसत नाही आजी, आडवीच असते जवळजवळ, जागाच नसते.

"मग इथे हो आडवी."

खोक्याचा पुठ्ठा अंथरला. ती कपाटाला टेकून पाय लांब करून बसली. मशीन इलॅस्टिकच्या पट्ट्याने उजव्या मांडीवर बांधलं, विमानात बांधते तसं. पिशवीची गाठ मी सोडली, तिची वायर आमच्या सप्लायला लावली आणि तिच्या कमरेजवळून मशीनपर्यंत आणली. विमान वळवायला पायांच्या मध्ये दांडा असतो, म्हणून तिच्या हातात झाडू दिला उलटा. साहेब बोलला, "मावशी, सर्कस लावलीत काय?" मी बोलले, "तिकीट नाय घेत, बघ फुकट."

सरळ दांडा धरला तोवर सगळं ठीक. मग मी तिला बोलले, आता घारीसारखी फिर गो. तिने दांडा पोटाकडे घेतला, जरा बाजूला कलवला, आणि तिच्या मनगटाखाली वायर पिनेपाशी दुमडली. मशीनवर चार्जिंगची छोटी खूण असते, ती गेली. पडदा चालूच. साहेब बोलला, चालूच आहे की. मी बोलले, थांब. पोरगी तशीच दांडा धरून बसली, हात भरून आला तरी हलली नाही. चार-पाच मिनिटं गेली असतील. मशीन आपोआप बंद. कोणी हात लावला नव्हता, साहेबाच्या डोळ्यासमोर.

वायर ब्लेडने सोलली. वरून नवीकोरी, आत तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या, दोन धागे तेवढे धरून होते. दुमडली की सुटायची, सरळ झाली की लागायची. आणि मशीन उघडून आतली बॅटरी बघितली तर पापडासारखी फुगलेली. बाहेरची वीज तुटली की ती चार मिनिटं तग धरायची नि मरायची. टेबलावर कसं दिसणार? टेबलावर आमची वायर, आमची वीज.

दुकानाचा शेठ आला. त्याला सगळं दाखवलं. तो बोलला, मावशी, वायर बदला, बॅटरी बदला, फुकट करून देऊ, विषय संपला.

"फुकट नको. लिहून द्या," मी बोलले.

"काय लिहून द्या? मशीन बरोबरच होतं. वायर म्हणजे मशीन नव्हे."

"मग ती काय आकाशात तुमची वायर लावून उडणार होती?"

शेठ बोलला, एकदा बिघाड नाही लिहिलं आणि आता आहे लिहायचं, दुकानाचं नाव जाईल. दुकानाचं नाव! त्या पोरीचं नाव गेलं ते कोणाच्या हिशेबात नव्हतं. मी मशीन पदरात घेतलं आणि स्टुलावर बसले. बोलले, कागद होईपर्यंत हे कोणाला मिळणार नाही, तिला पण नाही.

शेवटी साहेबाने लिहिलं. इंग्रजी मला येत नाही, म्हणून पोरीला बोलले, मोठ्याने वाच आणि मराठीत सांग. पहिल्या खेपेला लिहिलं होतं, ग्राहकाच्या सांगण्यावरून वायर बदलली. मी बोलले, नाय, फाड. दुसऱ्यांदा नीट लिहिलं. वायर आतून तुटलेली होती, बॅटरी खराब होती, त्यामुळे मशीन आपोआप बंद पडत होतं, आमची पहिली तपासणी अपुरी होती. ते शेवटचं लिहिताना त्याचा हात थांबला. मी बघत राहिले. मग लिहिलं. सही केली, शिक्का मारला. मग मी नवीन वायर लावली, पिनेपाशी जाड नळी चढवली म्हणजे दुमडणार नाही, आणि ती कमरेजवळून न आणता वरून कशी आणायची ते तिला दाखवलं.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. खूश होती. रविवारी लांब जाऊन आली एकटी, मशीन एकदाही बंद पडलं नाही, मैदानावरच उतरली. मी विचारलं, तुझे सर काय बोलले कागद बघून? बोलली, वाचला, ड्रॉवरमध्ये टाकला, रविवारपासून जा बोलले.

"आणि त्या शेताचं? तुझं लक्ष नव्हतं बोलले होते त्याचं?"

"त्याचं काही नाही बोलले. जाऊ दे ना आजी, उडायला मिळालं ना."

मी बोलले, जाऊ दे कसं. कागद परत दिला त्यांनी? नाही बोलली. मग उद्या जा आणि मागून घे, मी बोलले. तो कागद तुझा आहे, त्यांच्या ड्रॉवरचा नाही.