दादाचं पोट

दर्यापूरच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा आईनं भाकरी-ठेच्याचं गाठोडं हातात कोंबलं. "पोट सांभाळजो बाप्पा, बाकी सारं जमते," एवढंच म्हणाली. मला हसू आलं. विहिरीचं पाणी अन् आंबट ताक पचवलेल्या पोटाला काय धाड भरणार होती!

पुण्यात तेच बिघडलं. आधी मेस, मग ऑफिसच्या वेळा. घसा दुखला, घे अँटिबायोटिक. दात दुखला, घे अँटिबायोटिक. अपचन तर पाचवीलाच पुजलेलं. गेल्या वर्षी जुलाब लागले ते थांबेचनात. वजन उतरलं, उठवेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्यांनी आतड्यातले चांगले जिवाणू मेलेत. निरोगी माणसाचे आणून सोडावे लागतील."

"कुठून आणायचे?"

"त्याच्या विष्ठेतून."

बायको तोंडाला पदर लावून बाहेर गेली. सगळं शुद्ध करून, नळीनं सोडतात म्हणे, पण तरी! घरातलं कोणी ठणठणीत असेल तर बघा, असं बाईंनी सुचवलं, आणि मला थोरला दादा आठवला. वावरात राबणारा, दगड पचवणारा. आम्ही गाव सोडलेले एकमेकांना हेच सांगतो ना, गावाकडं सगळे धडधाकट!

फोनवर कसंबसं सांगितलं. दादा खो खो हसला. "वावराचा हिस्सा मांगशीन वाटलं होतं बे! हे काय मांगून राह्यला?" पण दुसऱ्याच दिवशी गाडीत बसला.

बाईंनी विचारलं, रोज काही औषधं? दादानं खिशातून दोन पाकिटं काढली. "हे अॅसिडिटीचं. याच्याबिगर चहाई पचत नाई. अन् हे पोट बिघडलं का घेतो. मेडिकलवाला देते." दुसरं अँटिबायोटिकच होतं. बाईंनी मान हलवली. दादाचं चालणार नव्हतं.

विष्ठेचं ऐकून बसला नव्हता एवढा धक्का मला तेव्हा बसला.

"काहून नाई सांगतलं, दादा?"

"तू इच्यारलं कवा? फोन केला का तूच म्हनतं, तुमचं बरं हाय, तुमाले ताजं भेटते. मंग म्या काय सांगू?"

शेवटी एका अनोळखी माणसाचे जिवाणू घेतले. आता वरण-भात पचतो. दादालाही डॉक्टरकडे नेलं.

गाव म्हणजे आपण मागे ठेवलेलं, जसंच्या तसं शाबूत राहिलेलं काहीतरी, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. तसं काही नसतं. आता माझं घर म्हणजे सकाळचा एक फोन. दादा विचारतो, "झालं का पोट साफ?"

मी सांगतो. मग विचारतो, "तुह्यं?"