थोरल्याचं झाड
परवा भालकीत बस लाकडाच्या वखारीपुढं थांबली आणि ओल्या भुशाचा आंबूस वास नाकात शिरला. निजामाचं राज्य गेल्यावर दोनेक वर्षांनी माझं लग्न झालं. सासरच्या शेतात दरेक लेकाच्या जन्माला एक आंबा लावायची रीत होती. राज्य गेलं त्या धामधुमीत थोरले दीर मारले गेले होते, आणि सासूबाई रोज त्यांच्या आंब्याला कळशीभर पाणी घालायच्या. एका उन्हाळ्यात त्या झाडाची पानं फांदीवरच करपली, सालीतल्या बारीक भोकांतून पिठासारखा भुसा गळू लागला. शेतकी खात्याच्या माणसानं साल तासून आतलं काळं पडलेलं लाकूड दाखवलं. म्हणाला, "हे भुंगे बुरशी घेऊन आत शिरतात. झाड तोडून जाळा, न्हाईतर बाकीचीबी जातील." सासूबाई खोडाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "एकदा जाळलंय त्याला. आता पुन्हा न्हाई." कुऱ्हाड उचलायची कुणाची छाती झाली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तसाच भुसा शेजारच्या आंब्यातून गळाला. तो माझ्या नवऱ्याचा. सासूबाई तिकडंही कळशी घेऊन निघाल्या, तेव्हा कुऱ्हाड मी उचलली. पहिल्याच घावाला तो आंबूस वास आला. "लेक जिता हाय माजा! कामून तोडायलीस?" त्या किंचाळत होत्या. मी थांबले नाही. मग गडीही कुऱ्हाडी घेऊन आले, आणि दोन्ही झाडं त्याच दिवशी तोडून जाळली. धाकट्या दिरांचा आंबा वाचला, पण सासूबाई मरेपर्यंत माझ्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत. परवा बसमध्ये नवरा शेजारीच बसला होता. त्यानं खिडकी लावून घेतली.