उंबऱ्याच्या आत आलेलं काम

आक्का गेल्याचं मला दोन तासांनी कळलं. शाहूपुरीतल्या ऑफिसात मी मोबाईल बंद करून ड्रॉवरमध्ये टाकतो. घरचं घरी, कामाचं कामावर, हा नेम मी या थोरल्या बहिणीकडूनच उचललेला. पाच आठवडे झाले, चुटपुट जात नाही.

हुपरीत घर आणि चांदीचं काम वेगळं नसतंच. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्यात पैंजणं जोडायची शेगडी. आक्काकडंही तसंच होतं. रांगत्या सुमननं, माझ्या भाचीनं, तापलेली पट्टी मुठीत धरली आणि त्या दिवशी आक्का बदलली. समोरचा गोठा रिकामा करून तिनं सगळं काम तिकडं हलवलं. दाजी कुरकुरले, भावकी हसली. व्यापारी घरी आला तर चहा मिळे, पैंजणांचं बोलणं मात्र गोठ्यात. सोळा वर्षं तिनं हे निभावलं आणि मी ऑफिसात तिचे दाखले देत फिरलो.

मग दाजींना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला. मी मोठ्या शहाणपणानं त्यांना टीव्ही नेऊन दिला. तो त्यांनी तीन दिवस बघितला, चौथ्या दिवशी भिंतीकडं तोंड केलं, जेवणही सोडलं... पुढच्या रविवारी गेलो तर शेगडी गोठ्यातच, पण दाजींच्या खाटेला लागून पाट आणि त्यावर घुंगरांचा ढीग. मी भडकलो. आजारी माणसापुढं काम मांडतेस, स्वतःचाच नेम विसरलीस का, असं बरंच बोललो. ती घुंगरं निवडता निवडताच म्हणाली,

"तवा लेकरू भाजलं, म्हणून काम भाईर काढलं. आता माणूस इझायला लागलाय, म्हणून आत घेतलं. नेम काय देव हाय व्हय?"

पहिल्या दिवशी दाजींनी डाव्या हातानं एकच घुंगरू अडकवलं. महिन्यानं एक पैंजण पूर्ण झालं. आक्का ते गल्लीभर दाखवत हिंडली. मग दाजी कामातल्या चुका काढत तिच्याशी भांडायला लागले आणि ती भांडणं ती मला फोनवर अभिमानानं सांगायची. जिंकली होती ती.

आक्काचं तेरावं झाल्यावर सुमननं पाट उचलून ठेवला. आता दाजी खचणार, असंच आम्ही धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला हाक मारून पाट मागितला. ती घुटमळली.

"आण की. तुज्या आईनं एवढं जागं केलंय, ते काय झोपायला व्हय?"

सुमन शेजारी बसली. दुपारपर्यंत दाजींनी तिच्या दोन चुका काढल्या होत्या.